शनिवारचा पंचनामा

सरकारी नोकरीत मी तेहतीस वर्षं काढली. पूर, वादळ, आग, उधाण, सगळ्यांचे पंचनामे माझ्या टेबलावरून गेले. चहाच्या दुकानात बसून लिहिलेले, न पाहिलेल्या गावचे, न पडलेल्या झाडांचे, दोन वर्षांपूर्वी मेलेल्या पंचाचा अंगठा असलेले. सगळे मंजूर झाले. ज्यातला शब्दन् शब्द खरा होता असा पंचनामा मी एकच पाहिला, आणि तेवढा एक नामंजूर झाला. तो लिहिला होता एलोजीअप्पा तळेकरांनी. नामंजुरीचा कागद माझ्या अक्षरात आहे.

स्वराज्य येऊन दहा वर्षं होत आली होती तेव्हाची गोष्ट. मी पनवेलला कचेरीत कारकून म्हणून नवा लागलो होतो. नोकरी कच्ची, लग्न पक्कं, अशा अवस्थेत एका लांबट घराच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं. पलीकडच्या तीन खोल्यांत अप्पा आणि रिबकावहिनी राहत. अप्पा खाडीकाठच्या चार गावांचे तलाठी. जातीने बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमच्या कुलाबा जिल्ह्यात हे लोक किती पिढ्यांचे आहेत ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. बोलणं आमच्यासारखंच, आमटीत नारळ आमच्यासारखाच, त्यांच्या प्रार्थनेच्या जागेला मात्र मशीद म्हणायचे आणि शनिवार कडक पाळायचे. अप्पा धोतर नेसत, वर लांब कोट, डोक्याला काळी गोल टोपी, हातात छत्री. छत्री उन्हातही मिटलेलीच असे. ती ते बांधावर टेकायला वापरत.

कामाची त्यांची तऱ्हा निराळी होती. खाडीला मातीचा बांध घालून मागे जी भाताची जमीन मिळवलेली असते तिला आमच्याकडे खार म्हणतात. बांधात एक लाकडी दाराची उघाडी असते. ओहोटीला ती उघडून शेतातलं जास्तीचं पाणी बाहेर जातं आणि भरतीला बाहेरच्या दाबाने मिटते. बांध कुठे फुटला की खांड पडली म्हणतात, आणि एकदा खांड पडून समुद्र आत आला की त्या जमिनीतलं मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे लागतात. हे मीठ डोळ्याला दिसत नाही. अप्पा चिखलात बोट बुडवायचे आणि सरळ जिभेला लावायचे. क्षणभर डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "अजून एक पावसाळा," किंवा "यंदा पेरा, हरकत नाही." शेतकरी त्यावर भरवसा ठेवून बियाणं काढत.

"चिखलाची चव बरोबर कळते यांना," रिबकावहिनी मला म्हणायच्या, "आणि मी आमटीत मीठ घालायला विसरले तर ताट पुसून उठतात. बोलत नाहीत की कळत नाही, देव जाणे."

अप्पा म्हणायचे, "आमटीचा पंचनामा करायचा नसतो."

जिभेवरून आठवलं. खाडीत मिळणारा जिताडा म्हणजे आमच्याकडच्या सरकारी लोकांचा हक्काचा मासा. काम असो नसो, गावाने साहेबाच्या घरी जिताडा पोचवायचा ही जुनीच रीत. अप्पांच्या दारातही तो यायचा, पानांत गुंडाळून, शेपूट बाहेर. अप्पा आणणाऱ्याला बसवायचे, पाणी द्यायचे, माशाचं तोंडभरून कौतुक करायचे आणि जाताना त्याच्याच हातात परत ठेवायचे. "मला आवडतो रे. म्हणूनच नको. जिताडा पोटात असला की चिखल गोड लागतो." एकदा मीच म्हटलं, अप्पा, तुम्हाला नको तर शेजाऱ्याला तरी द्यायला सांगा. त्यावर ते इतके हसले की टोपी सरकली. पण दिला नाही.

साहेबलोकांना अप्पा आवडत नसत, आणि न आवडण्याचं कारण साहेबलोकांना नीट सांगता येत नसे. वाद घालत नसत, उलट बोलत नसत. एकदा पिकाची आणेवारी ठरवायला एक साहेब जीपमधून आले. आणेवारी म्हणजे रुपयात किती आणे पीक आलं याचा अंदाज. तो कमी निघाला तर सारा तहकूब होतो. साहेबांनी रस्त्यावरूनच शेताकडे पाहिलं आणि म्हणाले, "वा! दहा आणे सहज." शेत खरंच हिरवंगार दिसत होतं. अप्पा छत्री टेकत शेतात उतरले, गुडघाभर चिखलातून जाऊन पाच-सहा लोंब्या तोडून आणल्या आणि जीपमध्ये बसलेल्या साहेबांच्या तळहातावर चोळल्या. नुसता कोंडा उडाला. दाणा एक नाही. खाऱ्या पाण्याचं भात असंच असतं, उभं राहतं, हिरवं दिसतं, आणि लोंबीत नुसतं पोकळ पळिंज निघतं.

"डोळ्याला दहा आणे आहेत, साहेब," अप्पा म्हणाले. "तोंडात घालायला दोनसुद्धा नाहीत."

साहेबांनी हात झटकले. धोतराला चिखल लागलेल्या तलाठ्याला मात्र जीपमध्ये घेतलं नाही. अप्पा चार मैल चालत आले आणि आल्यावर दप्तर उघडून दोन आणे लिहून मोकळे झाले.

ते दप्तर म्हणजे लाल फडक्यात बांधलेल्या वह्या, एक दौत आणि एक टाक. शुक्रवारी दिवस कलला की अप्पा दप्तराची गाठ मारायचे आणि टाक वहिनींच्या हवाली करायचे. वहिनी तो तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवायच्या. शनिवारी सूर्य मावळून आभाळात तीन चांदण्या दिसेपर्यंत तो बाहेर यायचा नाही. तेवढ्या वेळात लिहायचं नाही, खोडायचं नाही, सही नाही, अंगठासुद्धा घ्यायचा नाही. त्याची भरपाई ते रविवारी करत. सगळी कचेरी रविवारी झोपलेली असायची आणि हा माणूस एकटा खारीत फिरत असायचा. आधीच्या साहेबांनी ही सोय चालू दिली होती, कारण अप्पांचं काम कधी अडलं नव्हतं. गावकरी त्यांना "शनवारभाऊसाहेब" म्हणत. समोरच म्हणत, आणि अप्पा त्याला ओ देत.

त्या वर्षी पावसाळ्यात कचेरीत नवे साहेब आले. देशावरचे, तरतरीत, खाडीचं पाणी प्रथमच बघत होते. लाच खाणारे नव्हते हे आधीच सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला सगळं सोपं वाटेल. आधीच्या तालुक्यात त्यांनी दोन तलाठ्यांचे बनावट पंचनामे पकडले होते आणि त्यामुळे त्यांना सगळीकडे बनावटच दिसायला लागलं होतं. एका शनिवारी चहाच्या वेळी त्यांनी सहज विचारलं, "ते तळेकर दिसत नाहीत आज?"

मी नवा होतो, साहेबांच्या नजरेत भरायला टपलेला होतो. मी म्हणालो, "साहेब, शनिवारी आभाळ कोसळलं तरी आमचे अप्पा टाक उचलायचे नाहीत. आभाळाला म्हणतील, रविवारी ये."

सगळे हसले. साहेबही हसले. मला फार बरं वाटलं. जेवताना बायकोलाही सांगितलं, ती पण हसली.

त्याच सुमारास सरकारचं परिपत्रक आलं. खाऱ्या पाण्याने ज्यांचं पीक गेलं त्यांना सरकार मदत देणार, आणि ती परत घेणार नाही. तगाईचं कर्ज फेडत आलेल्या लोकांना हे खरंच वाटेना. अट एकच होती. खांड उघडी असताना आणि खारं पाणी शेतात उभं असताना तलाठ्याने जागेवर जाऊन पंचनामा केलेला पाहिजे. वाचायला अट किती रास्त वाटते! ज्याने ती लिहिली त्याने खांड पडलेलं गाव जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्या खारीत रीत अशी की खांड पडली की हाकारा होतो, घरटी माणूस बांधावर जातो, आणि खांड बुजेपर्यंत गावात एकही चूल पेटत नाही. दुसरी भरती यायच्या आत जेवढी बुजेल तेवढी बुजवायची. म्हणजे मदत हवी असेल तर खांड उघडी ठेवून तलाठ्याची वाट बघा, आणि शेत हवं असेल तर मदत विसरा, असा त्या कागदाचा अर्थ होता. अप्पांनी तो वाचला, घडी केली आणि म्हणाले, "धावत जावं लागणार."

भाद्रपदातल्या पुनवेचं उधाण होतं. शनिवारी उजाडता उजाडता चिंचखारचा नामा घरत आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. चिंचखार हे अप्पांच्या चार गावांतलं सगळ्यात खोलगट गाव आणि नामा तिथला जुना माणूस, साठी उलटलेला, बांधाची नस न् नस माहीत असलेला. गुडघ्याच्या वरपर्यंत चिखल वाळला होता. मी ओट्यावर दात घासत होतो. अप्पा धुतलेले कपडे घालून मशिदीत निघायच्या बेतात होते.

"भाऊसाहेब, खांड परली," नामा म्हणाला. "चालीस हात. रातच्या भरतीनं पानी पार वरच्या शेतान घुसलाय."

अप्पांनी त्याला ओट्यावर बसायची खूण केली.

"आज शनवार हाय, मना ठाव हाय. तुमाला चला बोलत नाय. नुसता सांगाला आयलो. आमी थांबनार नाय. दुपारच्या भरतीच्या आत जेवरी भरंल तेवरी भरू, सांजच्या ओहोटीला उरलेली. उद्या तुमी येशाल तवा खांड दिसाची नाय, येवराच."

"भात कुठवर आलंय?"

"पोटरीन हाय."

पोटरीतलं भात म्हणजे आठवड्याभरात लोंबी बाहेर पडणार. वर्षभराच्या मेहनतीचं सगळ्यात नाजूक टोक. अप्पा ओट्याच्या कडेपर्यंत आले. मग आत वळून म्हणाले, "रिबका, टाक दे."

वहिनी दारात आल्या. "आज?"

"आज."

"तिथल्या शाळामास्तराला लिहायला सांगा. तुम्ही नुसते उभे राहा."

"सही मलाच लागेल. आणि माझं पाप मास्तराच्या हाताने कशाला करवून घ्यायचं?" अप्पा थांबले, मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "जीव वाचवायचा असेल तर शनिवार मोडलेला चालतो ना? पोट म्हणजे जीवच की. नाही का?"

त्यांनी ते खरोखर विचारलं होतं.  वहिनी आत गेल्या, डब्याचं झाकण वाजलं, आणि पदराने टाक पुसत त्या बाहेर आल्या. अप्पांनी तो कोटाच्या खिशात ठेवला आणि दप्तर उचललं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. तोंडात दातवण होतं, पण डोळे उघडे होते.

पुढचं मला नामाने सांगितलं. अप्पांनी छत्रीने मोजली तर खांड बेचाळीस हात निघाली, तेव्हा नामाला म्हणाले, तुझे दोन हात कमी पडले. मग कमरेएवढ्या पाण्यातून शेताशेतात फिरले, प्रत्येक शेताचं पाणी चाखलं आणि बांधावर उभ्याउभ्याच लिहिलं. एकीकडे माणसं चिखलाच्या ढेपा हातोहात पुढे देत होती, चिखल वाहून जाऊ नये म्हणून बाया छातीएवढ्या पाण्यात घरांच्या कुडाच्या भिंती आडव्या धरून उभ्या होत्या. पंचनाम्यात तारखेच्या आधी अप्पांनी वार लिहिला, शनिवार. दोन पंचांचे अंगठे घेतले. लिहून झाल्यावर निघून जायला हरकत नव्हती, पण गेले नाहीत. संध्याकाळच्या ओहोटीत खांड बुजली, दिवेलागणीला गावात चुली पेटल्या, तेव्हा कुणीतरी त्यांच्या हातावर भाकरी ठेवली. दिवसभरात त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. गावात चूल नाही म्हणजे माझ्याही पोटात नाही, असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ते पुन्हा गेले आणि उघाडीतून पाणी निघतंय की नाही ते पाहून आले. आठ दिवसांनी चिंचखारची शेतं अशी हिरवी दिसत होती की कुणी म्हणावं काय नासाडी झाली यांची! दिवाळीला लोंब्या चोळल्या तर पळिंज.

मदतीची प्रकरणं पौषात साहेबांपुढे आली. साहेबांनी चिंचखारचा कागद हातात घेतला, वार पाहिला आणि अप्पांना बोलावणं धाडलं. मी फाइली घेऊन बाजूला उभा होतो.

"तळेकर, हा पंचनामा शनिवारी लिहिलात?"

"होय साहेब."

"तुम्ही शनिवारी लिहीत नाही."

"त्या दिवशी लिहिलं."

"चाळीस वर्षांचा नेम एका खांडीसाठी मोडलात?" साहेबांच्या आवाजात राग नव्हता, कीव होती. "अहो, हे तुमच्याच कचेरीत मला सांगितलंय, आभाळ कोसळलं तरी तळेकर शनिवारी टाक उचलायचे नाहीत. सगळा तालुका जाणतो. हा कागद मागाहून, घरी बसून, गावकऱ्यांच्या भिडेने लिहिलाय. पंच कोण? ज्यांना मदत मिळायची तेच. ते कशावरही अंगठा देतील."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोललो असतो, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मी बोललो नसतो.

साहेब पुढे वाकले. "मी तुमच्या वाईटावर नाही. गावाच्याही नाही. रविवारी तुम्ही गावात होता, तुमच्या दैनंदिनीत नोंद आहे. हस्तदोषाने वार चुकला असं लिहा, रविवार करा, खाली सही ठोका. आत्ता, इथे. मी मंजूर करतो."

खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं. एक वार खोडायचा, एक लिहायचा. त्या खोलीत रोज याहून मोठी पापं चहाच्या घोटाबरोबर होत होती.

"रविवारी खांड नव्हती, साहेब," अप्पा म्हणाले. "रविवारी गावात चुली पेटल्या होत्या. रविवार लिहिला तर 'बेचाळीस हात खांड उघडी' हे वाक्य खोटं होतं."

"कोण बघायला जातंय?"

"मी आयुष्यात एकच शनिवार मोडला, तो खरं लिहायला. आता तो खोडून खोटं लिहू?"

साहेबांनी कागद पुन्हा हातात घेतला. मला वाटतं त्या क्षणी त्यांना अप्पा खरे वाटले असावेत. पण खरे वाटले तर आधी जे बोलले ते गिळावं लागलं असतं, आणि तेवढं मोठं काम कुठल्या साहेबाकडून झालेलं मी पाहिलेलं नाही. "मग माझा नाइलाज आहे," ते म्हणाले.

एक वाक्य पुरे होतं. साहेब, त्या सकाळी यांना टाक मागताना मी पाहिलं. एवढंच. पण मग साहेबांनी विचारलं असतं, तर मग त्या दिवशी तुम्ही आभाळाचं काय सांगितलंत? माझी नोकरी कायम व्हायची होती, घरात पाळणा हलायचा होता. मी फाइलीच्या नाडीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. दुपारी साहेबांनी मजकूर सांगितला आणि मी माझ्या वळणदार अक्षरात लिहून घेतला, 'सदर पंचनामा विश्वसनीय न वाटल्याने'. शेजारच्या गावात साधी गळती झाली होती. तिथला तलाठी गावात गेलाही नव्हता. त्याने सोमवारची तारीख घालून नेटका पंचनामा पाठवला. त्या गावाला मदत मिळाली.

नामंजुरीची बातमी चिंचखारला शिपायाकडून धाडता आली असती. अप्पा स्वतः गेले आणि मलाही बरोबर यायला सांगितलं, का ते तेव्हा कळलं नाही. देवळापुढे माणसं जमली. अप्पांनी काही लपवलं नाही. साहेबांनी रविवार घालायला सांगितलं होतं आणि आपण तो घातला नाही, हेही सांगितलं. ते सांगायची काही गरज नव्हती!

 मग नामाची सून पुढे आली. जना तिचं नाव. खांडीच्या दिवशी कुडाची भिंत धरून सगळ्यात पुढे उभी राहिलेली तीच.

"भाऊसाहेब," ती म्हणाली, "तुमच्या देवाचा शनवार आमच्या पोरांनी का म्हून पालावा?"

नामा तिला गप्प करायला उठला. अप्पांनी हाताने त्याला थांबवलं.   मला त्या वेळी अप्पांचा राग आला, जनापेक्षाही जास्त. वाटलं, बाई बरोबर बोलतेय; तुमचं खरेपण तुम्हाला लखलाभ, ते यांच्या ताटात कशाला वाढलंत? आजही कधी कधी तसंच वाटतं. आणि मग आठवतं की ज्याला एका वाक्यात हे सगळं वाचवता आलं असतं तो मी होतो, आणि मी तिथे अप्पांची छत्री धरून उभा होतो.

नामाने तांब्या आणला. "पानी तरी घ्या." अप्पांनी घेतलं. 

पुढच्या पावसाळ्यात चिंचखारमध्ये भाताच्या रोपांचे राब टाकले गेले नाहीत. मीठ जमिनीत होतं. निम्मं गाव मिठागरावर कामाला गेलं. नामाचा मुलगा आणि जना उरणच्या बाजूला गेले ते तिकडेच राहिले. नामा एकटा बांधावर फिरायचा, जिथे शेत नव्हतं तिथला बांध राखायचा. तो त्या वर्षी दिवाळीच्या आधी गेला. कशाने गेला ते विचारू नये इतका वाळला होता.

त्यानंतर एका संध्याकाळी मी धीर करून अप्पांपुढे बसलो आणि सांगितलं, की आभाळाचं ते वाक्य माझं. साहेबांना मीच सांगितलं होतं.

"माहीत होतं मला," ते म्हणाले. "तसं बोलणारा कचेरीत दुसरा आहे कोण?"

"मग मला बोलला का नाहीत?"

"काय बोलू? खरं तेच सांगितलंस. मी शनिवारी लिहीत नव्हतोच."

मी म्हटलं, अप्पा, त्या सकाळी मी ओट्यावर होतो. मी सगळं पाहिलं होतं.

 वहिनींनी आतून दिवा आणून ठेवला आणि त्या परत आत गेल्या. मग म्हणाले, "म्हणूनच तुला चिंचखारला नेलं होतं. वाटलं, तिथे तरी बोलशील."

माझ्या आयुष्यात मला याहून कठीण कुणी काही बोललेलं नाही. आणि ते त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला रडताही येईना.

थोड्या वेळाने तेच म्हणाले, "गंमत बघ. कचेरीला परोपरीने सांगितलं की मी शनिवार मोडला, पटलं नाही. मशिदीत उभं राहून एकदाच सांगितलं, सगळ्यांना लगेच पटलं."

"रागावले?"

"छे रे. मशिदीचे म्हातारे मुकादम म्हणाले, एलोजी, माणसं वाचवायला मोडलास, तुला दोष नाही. शास्त्रात आहे तसं."

"मग झालं तर."

"मी त्यांना विचारलं," अप्पा म्हणाले, "वाचलं कोण?"

अप्पांना मशिदीत मानाची जागा होती, पुढच्या ओळीत. सणासुदीला पवित्र पोथी वाचायला त्यांना वर बोलावत. त्यांनी ते दोन्ही सोडलं. कुणी सोडायला सांगितलं नव्हतं. पुढे ते निवृत्त झाले, आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मुलाने दोघांना इस्रायलला नेलं. मी तेव्हा बदलीवर रत्नागिरीकडे होतो, निरोप घ्यायला जमलं नाही. जमवलं नाही, हे जास्त खरं. वहिनींचं एक पत्र आलं होतं, मराठीत. तिकडे खूप थंडी आहे आणि यांची जीभ गेली, चव कळत नाही, असं त्यात होतं. उत्तर पाठवायचं राहिलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बदलीच्या आधी. त्यांच्यात दारफाळणीचा सण म्हणून असतो. दिवसभर कडक उपास, अंगात पांढरे कपडे, आणि देवापुढे वर्षभराची कबुली. मी सकाळी मशिदीवरून चाललो होतो. दार उघडं होतं. आत पांढऱ्या कपड्यांतली माणसं उभी होती, एका सुरात काही म्हणत होती. अप्पा अगदी मागे, उंबऱ्याजवळच्या बाकावर, पाठीत वाकून बसले होते. एक म्हातारे गृहस्थ पुढून चालत त्यांच्यापर्यंत आले, त्यांनी अप्पांचा हात धरला आणि पुढे चला म्हणून ओढला. अप्पांनी मान हलवली. म्हाताऱ्यांनी पुन्हा ओढला, बराच वेळ धरून ठेवला, मग सोडून दिला आणि तेही तिथेच, त्यांच्या शेजारी बसले.

मला थांबायला वेळ नव्हता. खालच्या गावात साहेबांचा मुक्काम होता आणि माझ्या पिशवीत सहीसाठी दोन पंचनामे होते. तलाठ्याने मजकूर सगळा लिहिला होता, पंचांचे अंगठे घेतले होते, वाराची जागा तेवढी कोरी ठेवली होती. साहेब सांगतील तो वार मी माझ्या अक्षरात घालायचा होता.